क्लाउड सेवांचे तीन प्रकार : एक अर्धवट शिकवली जाणारी व्याख्या

'क्लाउड संगणनाच्या सेवांचे प्रकार सांगा' हा प्रश्न परीक्षेत आला की त्याचे उत्तर ठरलेले असते. प्रकार तीन. पहिला 'इन्फ्रास्ट्रक्चर अ‍ॅज अ सर्व्हिस', दुसरा 'प्लॅटफॉर्म अ‍ॅज अ सर्व्हिस' आणि तिसरा 'सॉफ्टवेअर अ‍ॅज अ सर्व्हिस'. प्रत्येकाचे एकेक उदाहरण, खाली एक तीन मजली आकृती आणि शेवटी 'फायदे' या मथळ्याखाली चार ओळी. विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतात, आणि उत्तरात चूक म्हणावे असे काही नसतेही.

आता याच विद्यार्थ्याला आपण दुसरा एक प्रश्न विचारू. समजा, एका शाळेने दहा वर्षांचे निकाल, विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि स्नेहसंमेलनांची छायाचित्रे एका फुकट मिळालेल्या क्लाउड खात्यावर ठेवली आहेत. ज्या शिक्षकांच्या नावाने खाते उघडले ते सेवानिवृत्त झाले. पुढे कंपनीने फुकट जागेची मर्यादा कमी केली. आता या माहितीची जबाबदारी कोणाची? तिची दुसरी प्रत ठेवणे कोणाचे काम होते? विद्यार्थी फार तर एवढे सांगेल की ही सेवा तिसऱ्या प्रकारची आहे. पुढे त्याच्याजवळ उत्तर नाही, आणि बहुधा आपल्याजवळही नाही. तीन प्रकार शिकवूनही हे उत्तर येत नसेल, तर शिकवण्यात काय राहून गेले याचा शोध घेतला पाहिजे. त्यासाठी मूळ व्याख्येपासून सुरुवात करू.

मूळ व्याख्या काय म्हणते?

आज सर्वत्र शिकवली जाणारी ही विभागणी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे 'निस्ट'च्या, एका छोट्या पुस्तिकेमुळे रूढ झाली. पीटर मेल आणि टिमथी ग्रान्स यांनी लिहिलेली ही पुस्तिका सप्टेंबर २०११ मध्ये अंतिम रूपात प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी तिचे पंधरा मसुदे झाले होते. एवढ्या खटाटोपानंतर हाती आलेली व्याख्या जेमतेम दोन-तीन पानांची आहे, आणि आमच्या मते हा तिचा मोठा गुण आहे. ज्या काळात प्रत्येक विक्रेता आपल्या मालावर 'क्लाउड' अशी चिठ्ठी चिकटवत होता, त्या काळात या पुस्तिकेने शब्दाला निश्चित अर्थ दिला.

व्याख्येत पाच लक्षणे आहेत. ग्राहकाला हवी तेव्हा, कोणाला न विचारता सेवा घेता आली पाहिजे. ती जाळ्यावरून कोणत्याही साधनाने मिळाली पाहिजे. यंत्रसामग्री अनेक ग्राहकांत मिळून वापरली जावी. गरजेप्रमाणे ती झटपट वाढवता आणि कमी करता यावी. आणि वापराचे मोजमाप व्हावे. यानंतर सेवांचे तीन प्रकार येतात आणि शेवटी मालकीनुसार चार व्यवस्था येतात: खाजगी, सामुदायिक, सार्वजनिक आणि मिश्र.

तीन प्रकारांकडे जरा बारकाईने पाहू. पहिल्यात ग्राहकाला संगणक भाड्याने मिळतो. अ‍ॅमेझॉनने मार्च २००६ मध्ये साठवणुकीची 'एस थ्री' आणि ऑगस्ट २००६ मध्ये संगणक भाड्याने देण्याची 'ईसी टू' ही सेवा सुरू केली, तेव्हा एका लहान संगणकाचे भाडे ताशी १० सेंट होते. भाड्याने मिळणारा हा संगणक बहुधा वेगळे यंत्र नसते. एका मोठ्या यंत्रावर 'हायपरव्हायझर' नावाची आज्ञावली चालते आणि ती त्या यंत्राचे अनेक आभासी संगणक करून देते. प्रत्येक भाडेकरूला वाटते की सारे यंत्र आपलेच. त्यावर कोणती प्रचालन प्रणाली बसवायची, ती अद्ययावत कधी करायची, कोणती दारे उघडी ठेवायची, हे सारे भाडेकरूने पाहायचे.

दुसऱ्या प्रकारात प्रचालन प्रणालीही कंपनी सांभाळते. आपण फक्त स्वतः लिहिलेली आज्ञावली नेऊन ठेवायची. गुगलने एप्रिल २००८ मध्ये आणलेले 'अ‍ॅप इंजिन' हे याचे सुरुवातीचे उदाहरण. तिसऱ्या प्रकारात आज्ञावलीही कंपनीचीच असते आणि आपण ती केवळ वापरतो. जी-मेल सर्वांच्या परिचयाचे आहे. उद्योगांसाठी अशी सेवा देणारी सेल्सफोर्स ही कंपनी १९९९ सालीच स्थापन झाली होती. म्हणजे वस्तू आधी आली आणि नाव मागून मिळाले.

पहिल्या प्रकाराच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार 'आयास' असा करतात. मराठीत आयास म्हणजे कष्ट, आणि तीनही प्रकारांत ग्राहकाला सर्वांत अधिक कष्ट याच प्रकारात पडतात. विद्यार्थ्यांना लक्षात ठेवायला हा योगायोग सोयीचा आहे.

पाठ्यपुस्तकात काय गळले?

निस्टच्या पुस्तिकेत प्रत्येक प्रकाराच्या वर्णनाला दोन भाग आहेत. पहिला भाग ग्राहकाला काय मिळते ते सांगतो. दुसरा भाग ग्राहकाचे नियंत्रण कशावर असते आणि कशावर नसते ते सांगतो. खालच्या यंत्रणेवर ग्राहकाचे नियंत्रण नाही, हे विधान तीनही प्रकारांत येते. त्यानंतर फरक सुरू होतो. पहिल्या प्रकारात प्रचालन प्रणाली, साठवण आणि आज्ञावली ग्राहकाच्या हाती असतात. दुसऱ्यात फक्त त्याची आज्ञावली आणि ती जेथे चालते तेथील काही मांडणी. तिसऱ्यात वापरकर्त्यापुरत्या काही मर्यादित निवडी, बस्स. आज्ञावलीत कोणती सोय असावी आणि कोणती नसावी, हेही तो ठरवू शकत नाही.

म्हणजे ही व्याख्या मुळात नियंत्रणाची वाटणी सांगणारी आहे. आपल्या टिपणांत आणि मार्गदर्शकांत मात्र वर्णनाचा पहिला भाग उतरतो आणि दुसरा गळतो. मग 'कोणाच्या हाती काय' या प्रश्नाच्या जागी 'फायदे' येतात: खर्च कमी, देखभाल नको, कोठूनही वापर. हे फायदे खरेच आहेत. पण 'देखभाल नको' आणि 'नियंत्रण नाही' ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, आणि त्यांतले एकच अंग दाखवणे ही विक्रेत्याची रीत झाली. शिक्षकाने तिचे अनुकरण करू नये असे आम्हाला वाटते.

उपमांची तपासणी

हे तीन प्रकार समजावताना एक उपमा फार वापरली जाते, ती पिझ्झ्याची. घरी पीठ मळून पिझ्झा करणे म्हणजे स्वतःचा संगणक, कच्चा तयार पिझ्झा आणून घरी भाजणे म्हणजे पहिला प्रकार, घरपोच मागवणे म्हणजे दुसरा आणि हॉटेलात जाऊन खाणे म्हणजे तिसरा. मुलांना ती चटकन कळते. पण कळते काय, तर ग्राहक काही घेऊन येत नाही. फक्त पैसे देतो, खातो आणि उठतो. क्लाउडमध्ये नेमके उलटे आहे. तेथे ग्राहक आपली माहिती घेऊन येतो आणि ती तेथेच ठेवून घरी जातो. जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, तिला या उपमेत जागाच नाही.

दुसरी उपमा विजेची. संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा होईल, ही कल्पना जॉन मॅकार्थी यांनी १९६१ साली मांडली होती. मोजून वापरा आणि बिल भरा, एवढ्यापुरती विजेची उपमा चपखल आहे. पण विजेला स्मृती नसते. आपण घर बदलले तर जुन्या मीटरमध्ये आपले काही मागे राहत नाही, आणि एक युनिट वीज दुसऱ्या युनिटसारखीच असते. एका मुलाची गुणपत्रिका दुसऱ्याच्या गुणपत्रिकेच्या जागी चालत नाही.

आम्ही पिठाच्या गिरणीची उपमा सुचवतो. गिरणी दुसऱ्याची, धान्य आपले. दळणाचे पैसे किलोवर, म्हणजे मोजमाप आले. एकाच जात्यावर साऱ्या गावाचे दळण, म्हणजे सामाईक वापर आला. आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी आपल्या गव्हात थोडी उतरते आणि उपवासाचे दळण म्हणूनच वेगळे करून घ्यावे लागते. सामाईक यंत्रावर दोन ग्राहकांची माहिती एकमेकींपासून अलग ठेवण्याची कंपनीला एवढी काळजी का घ्यावी लागते, तेही यातून सांगता येते. आता प्रकार पाहा. तासाच्या भाड्याने गिरणी घेतली, जात्याला टाकी लावण्यापासून सारे आपण केले, तर पहिला प्रकार. गिरणीवाला गिरणी चालवतो, भाजणीचे प्रमाण आणि पीठ जाडे की बारीक हे आपण सांगतो, तर दुसरा. धान्य दिले आणि थेट त्याच्या मापाच्या भाकऱ्या हाती आल्या, तर तिसरा. या तीनही प्रकारांत धान्य आपलेच आहे, आणि ते चाळून, निवडून, योग्य डब्यात नेण्याची जबाबदारीही आपलीच.

ही उपमाही दोन ठिकाणी तुटते, आणि वर्गात ते आवर्जून सांगावे. गिरणीतून आपण पीठ घरी आणतो; क्लाउडमध्ये ते गिरणीतच राहते. शिवाय धान्याची कोणी नक्कल करू शकत नाही, माहितीची मात्र आपल्याला न कळता करता येते. उपमा जेथे तुटते तेथेच शिकण्याजोगे काही असते.

व्याख्येतील उणीव

इथवर दोष शिकवण्याचा होता. पण मूळ व्याख्येकडेही एक उणीव आहे. सेवा सुरू असताना कोणाचे नियंत्रण कशावर, हे ती सांगते. सेवा बंद पडली, बदलली किंवा जळून गेली तर माहितीचे काय, याबद्दल ती जवळजवळ काही बोलत नाही. माहिती एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता येण्याचा उल्लेख येतो तो फक्त मिश्र व्यवस्थेच्या वर्णनात. माहिती नेमकी कोणत्या जागी आहे हे ग्राहकाला बहुधा ठाऊक नसते, ही गोष्ट तर सामाईक वापराच्या लक्षणातच नोंदवली आहे. सरकारी खात्यांना सेवांची तुलना करता यावी, हा पुस्तिकेचा हेतू होता. त्या हेतूला ती पुरी पडते. पण तीच व्याख्या शाळेत शिकवताना तिला पुढच्या वर्षांतील अनुभवाची जोड द्यायला हवी. प्रत्येक प्रकाराची एकेक घटना पुरे.

पहिल्या प्रकाराची घटना फ्रान्सची. १० मार्च २०२१ च्या पहाटे स्ट्रासबर्ग येथील ओव्हीएच या कंपनीच्या संगणक केंद्राला आग लागली. त्यातील एक पाचमजली इमारत पूर्ण नष्ट झाली. अनेक ग्राहकांची संकेतस्थळे बंद पडली. ज्यांची राखीव प्रत दुसऱ्या गावी होती, ते काही काळाने पुन्हा उभे राहिले. ज्यांची कोठेच नव्हती, त्यांची माहिती कायमची गेली. क्लाउड हा शब्द जाळ्याच्या आकृत्यांत काढल्या जाणाऱ्या ढगावरून आला. त्या ढगाखाली भिंती, तारा आणि बॅटऱ्या असलेली इमारत असते, आणि ती इतर इमारतींसारखीच जळते.

दुसऱ्या प्रकाराची घटना 'पार्स' या सेवेची. मोबाइलवरील अ‍ॅप तयार करणाऱ्यांसाठी ही यंत्रणा होती. फेसबुकने ती २०१३ मध्ये विकत घेतली, जानेवारी २०१६ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले आणि ३० जानेवारी २०१७ रोजी बंद केली. अ‍ॅपची आज्ञावली लेखकाची होती, पण तिचे पाय पार्सच्या मंचावर रोवलेले होते. कंपनीने एक वर्षाची मुदत दिली, माहिती बाहेर नेण्याचे साधन दिले आणि सेवेची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली, म्हणून अनेकांना स्थलांतर करता आले. चांगला निरोप कसा असावा याचे हे उदाहरण आहे. तरी स्थलांतराचे कष्ट ग्राहकांनाच पडले.

तिसऱ्या प्रकाराची घटना थेट शिक्षणसंस्थांची. गुगलने २०१४ मध्ये शाळा-महाविद्यालयांना साठवणुकीची अमर्याद जागा देऊ केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिने जाहीर केले की यापुढे मोफत योजनेत एका संस्थेला सर्व मिळून १०० टेराबाइट जागा मिळेल, आणि जुन्या संस्थांना हा नियम जुलै २०२२ पासून लागू होईल. शाळेला एवढी जागा पुरेशी असते. पण लाखो छायाचित्रे आणि व्याख्यानांच्या चित्रफिती साठवलेल्या मोठ्या विद्यापीठांना काय ठेवायचे आणि काय काढायचे याचा हिशेब मांडावा लागला. कंपनीने दीड वर्षाची सूचना दिली होती, त्यामुळे तिच्यावर फसवणुकीचा आरोप करता येत नाही. 'अमर्याद' हा शब्द कोणाच्या मर्जीने मर्यादित होऊ शकतो, एवढे मात्र स्पष्ट झाले.

मग स्वतःची व्यवस्था उभारली तर? दक्षिण कोरियाच्या सरकारने तेच केले होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन येथील सरकारी संगणक केंद्रात बॅटऱ्यांपासून आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या 'जी-ड्राइव्ह' या सामाईक साठवणीतील सुमारे ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण तिची राखीव प्रत बाहेर कोठे नव्हती. याउलट मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील 'युनिसुपर' या निवृत्तिवेतन निधीची गुगल क्लाउडवरील यंत्रणा, कंपनीच्या एका साधनात एक रकाना रिकामा राहिल्याने, आपोआप पुसली गेली. निधीचे सहा लाखांहून अधिक सभासद होते. सेवा काही दिवस ठप्प झाली, पण राखीव प्रती वेगळ्या ठेवलेल्या असल्याने पुन्हा उभी राहिली. एका ठिकाणी व्यवस्था स्वतःची होती, दुसऱ्या ठिकाणी परक्याची. माहिती वाचली ती दुसऱ्या प्रतीमुळे. मालकीने ती वाचली नाही आणि प्रकारानेही नाही.

वर्गात काय करावे?

तीन प्रकार शिकवणे सोडावे असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक प्रकारापुढे चार प्रश्नांचे रकाने आखावेत, एवढेच सुचवतो. यात आज्ञावली अद्ययावत ठेवणे कोणाचे काम? माहिती कोणत्या देशात, कोणाच्या इमारतीत आहे? तिची दुसरी प्रत कोठे आहे आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली? सेवा उद्या बंद झाली तर माहिती कोणत्या स्वरूपात बाहेर काढता येईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रकारानुसार बदलते. उरलेल्या तिघांची उत्तरे कोणताही प्रकार निवडला तरी ग्राहकालाच शोधावी लागतात. मुलांनी हे स्वतः रकाने भरताना पाहिले तर व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

सरावासाठी डिजिलॉकर घ्यावे. २०१५ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा बहुतेक मोठ्या विद्यार्थ्यांना माहीत असते. तिच्यात दोन तऱ्हेची कागदपत्रे असतात. मंडळाने किंवा खात्याने दिलेले प्रमाणपत्र मूळ संस्थेच्याच साठ्यात राहते आणि आपल्या खात्यात त्याचा दुवा असतो. आपण स्वतः चढवलेल्या कागदाची प्रत मात्र डिजिलॉकरच्या साठवणीत असते. एकाच पडद्यावर शेजारी दिसणाऱ्या या दोन कागदांना वरचे चार प्रश्न विचारले की उत्तरे वेगळी येतात. सेवा एक, प्रकार एक, आणि तरी जबाबदाऱ्या दोन. यावर वर्गात तासभर चर्चा सहज होईल.

यात शाळेचाही संबंध येतो. २०२३ मध्ये संमत झालेल्या भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे. ज्याने माहिती गोळा करण्याचा हेतू आणि रीत ठरवली, त्याच्यावरच त्या माहितीची जबाबदारी ठेवली आहे, मग प्रत्यक्ष काम त्याच्या वतीने दुसरे कोणी करत असले तरीही. गिरणीच्या भाषेत सांगायचे तर धान्य ज्याने गोळा केले, जबाबदारी त्याची. मुलांची नावे, जन्मतारखा आणि गुण शाळा गोळा करते.

म्हणून शेवटी एक छोटे काम सुचवतो. आपल्या शाळेची माहिती कोणकोणत्या क्लाउड सेवांवर आहे, ते खाते कोणाच्या नावावर आहे, परवलीचा शब्द आणखी कोणाला माहीत आहे आणि दुसरी प्रत कोठे आहे, याची यादी नववी-दहावीच्या चार विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन तयार करावी. परवलीचा शब्द अर्थातच यादीत लिहू नये. यादी एका पानापेक्षा मोठी होणार नाही. काही रकाने रिकामे राहिले, तर ते भरण्याचे काम याच सत्रात हाती घेता येईल.